२१४७४८३६४७ (संख्या)

२,१४,७४,८३,६४७ (दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस) ही दहा अंकी विषम नैसर्गिक संख्या आहे. ती २ च्या ३१व्या घातापेक्षा एकने लहान आहे, म्हणजेच २^३१ − १ एवढी आहे. (या लेखात '^' हे चिन्ह घातांक दर्शवते.) ही मूळ संख्या असून मर्सेन मूळ संख्यांच्या मालिकेत तिचा क्रमांक आठवा आहे. स्विस गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये ती मूळ असल्याचे सिद्ध केले. त्यानंतर सुमारे पाऊण शतक ती ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

संगणकशास्त्रात ही संख्या ३२-बिट चिन्हयुक्त पूर्णांकाची कमाल मर्यादा म्हणून ओळखली जाते. अनेक संगणक प्रणालींत काळ, मोजणी, अनुक्रमांक व रकमा अशा पूर्णांकांत साठवल्या जात असल्याने ही मर्यादा ओलांडली गेल्यास गणन चुकते. '२०३८ची समस्या' हे याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. मूळ संख्या म्हणून असलेले महत्त्व आणि संगणकातील मर्यादा या दोन्ही गोष्टी संख्येच्या एकाच रूपातून, म्हणजे २ च्या घातापेक्षा एकने कमी असण्यातून, येतात.

संक्षिप्त माहिती

घातांकी रूप: २^३१ − १
द्विमान पद्धतीत: सलग ३१ वेळा १
अष्टमान पद्धतीत: १७७७७७७७७७७
षोडशमान पद्धतीत: ७एफएफएफएफएफएफएफ
विभाजक: १ आणि ती संख्या स्वतः
मूळ संख्यांच्या क्रमातील स्थान: १०,५०,९७,५६५वे
लगतची आधीची मूळ संख्या: २,१४,७४,८३,६२९
लगतची पुढची मूळ संख्या: २,१४,७४,८३,६५९
अंकांची बेरीज: ४६

स्वरूप

१ पासून सुरू करून प्रत्येक पद दुप्पट करत गेल्यास १, २, ४, ८, १६ … अशी भूमिती श्रेढी मिळते. तिच्या पहिल्या ३१ पदांची बेरीज २^३१ − १ इतकी येते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार याप्रमाणे दाणे ठेवल्यास पहिल्या ३१ घरांतील दाण्यांची एकूण संख्या २,१४,७४,८३,६४७ भरते. बत्तिसाव्या घरात एकट्यात याहून एक दाणा अधिक ठेवावा लागतो.

'हनोईचा मनोरा' या कोड्यातही हीच संख्या भेटते. ३१ चकत्यांचा मनोरा एका खांबावरून दुसऱ्या खांबावर नेण्यासाठी किमान २^३१ − १ चाली लागतात. दर सेकंदाला एक चाल या गतीने हे काम ६८ वर्षांहून थोडा अधिक काळ चालेल. हे कोडे फ्रेंच गणितज्ञ एदुआर लूका यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. मर्सेन संख्या मूळ आहे की नाही हे ठरवण्याची आजही वापरली जाणारी कसोटी मुळात याच लूका यांच्या संशोधनातून आली आहे.

इतिहास

२^न − १ या रूपातील संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. अशी संख्या मूळ असण्यासाठी न हा घातांक स्वतः मूळ असणे आवश्यक असते, मात्र तेवढे पुरेसे नसते. उदाहरणार्थ, ११ ही मूळ संख्या असली तरी २^११ − १ = २,०४७ ही २३ × ८९ अशी संयुक्त संख्या आहे.

इटालियन गणितज्ञ पिएत्रो काताल्दी यांनी १६०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात २^१७ − १ आणि २^१९ − १ या संख्या मूळ असल्याचे भागाकार करून दाखवले. घातांक २३, २९, ३१ व ३७ असतानाही मूळ संख्या मिळतात, असेही त्यांनी प्रतिपादन केले. या चारपैकी केवळ ३१ बाबतचे विधान खरे ठरले. पिएर दे फर्मा यांनी १६४० मध्ये २^२३ − १ ला ४७ ने आणि २^३७ − १ ला २२३ ने निःशेष भाग जातो हे दाखवले. २^२९ − १ = ५३,६८,७०,९११ ही संख्या २३३ × १,१०३ × २,०८९ अशी संयुक्त आहे, हे पुढे ऑयलर यांनी १७३८ मध्ये सिद्ध केले.

फ्रेंच धर्मगुरू व विद्वान मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या घातांकांची यादी दिली. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी केवळ यांनीच मूळ संख्या मिळतात असा त्यांचा दावा होता. ही यादी तपासून पूर्ण होण्यास तीनशे वर्षे लागली. ६७ व २५७ हे घातांक चुकीने आले होते, तर ६१, ८९ व १०७ हे सुटले होते. ३१ चा समावेश बरोबर होता, पण मर्सेन यांनी त्याची सिद्धता दिलेली नव्हती.

ती सिद्धता ऑयलर यांनी १७७२ मध्ये बेर्नूली यांना लिहिलेल्या पत्रातून जाहीर केली. त्या काळात ऑयलर रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे राहत होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्णपणे गेलेली होती.

मूळ असल्याची सिद्धता

एखादी संख्या संयुक्त असल्यास तिचा किमान एक मूळ विभाजक तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा नसतो. २,१४,७४,८३,६४७ चे वर्गमूळ ४६,३४० आणि ४६,३४१ यांच्या दरम्यान आहे. ४६,३४० पर्यंत ४,७९२ मूळ संख्या आहेत. त्या प्रत्येकीने भागून पाहणे हा सरळ मार्ग होय. ऑयलर यांच्या पद्धतीत पुढील दोन अटींमुळे हे काम फार कमी होते.

पहिली अट: समजा, ब ही मूळ संख्या २^३१ − १ ला निःशेष भागते. मग २^३१ ला ब ने भागल्यास बाकी १ उरते. ३१ मूळ असल्यामुळे, २ च्या ज्या सर्वांत लहान घाताला ब ने भागून बाकी १ उरते तो घातांक ३१ हाच असतो. फर्माच्या लघु प्रमेयानुसार २^(ब − १) ला ब ने भागल्यासही बाकी १ उरते. म्हणून ब − १ ला ३१ ने निःशेष भाग गेला पाहिजे. शिवाय ब विषम असल्याने ब − १ सम आहे. त्यामुळे ब ही संख्या ६२न + १ या रूपाचीच असू शकते.

दुसरी अट: २^३१ ला ब ने भागून बाकी १ उरत असेल, तर २^३२ ला भागून बाकी २ उरते. २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे ब ने भागल्यावर बाकी २ उरेल असा एक पूर्ण वर्ग अस्तित्वात आहे. ज्या विषम मूळ संख्यांबाबत असे घडते त्यांना ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरते.

या दोन अटी एकत्र केल्यास ब चे रूप २४८न + १ किंवा २४८न + ६३ असे ठरते. ४६,३४० पर्यंत ६३ वगळता अशा फक्त ३७२ संख्या आहेत. त्यांतील बहुतेक संख्या संयुक्त असल्याने त्यांनी भागण्याची गरज नसते. २४९ ला ३ ने, ४९७ ला ७ ने आणि ५५९ ला १३ ने भाग जातो. प्रत्यक्ष तपासायच्या पहिल्या तीन मूळ संख्या ३११, १,३०३ आणि १,४८९ या आहेत. अशा रीतीने उरलेल्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, म्हणून २^३१ − १ ही मूळ संख्या आहे. हजारो भागाकारांचे काम शंभराहून कमी भागाकारांवर आल्यामुळे ते हाताने करणे शक्य झाले.

लूका–लेहमर कसोटी

लूका यांनी १८७० च्या दशकात मांडलेली आणि अमेरिकन गणितज्ञ डेरिक हेन्री लेहमर यांनी १९३० च्या सुमारास सुधारलेली कसोटी हेच काम विभाजक न शोधता करते. ४ या संख्येपासून सुरुवात करून प्रत्येक वेळी आधीच्या पदाचा वर्ग करावा, त्यातून २ वजा करावे आणि येणाऱ्या उत्तराला २^३१ − १ ने भागून बाकी घ्यावी. ही कृती २९ वेळा (घातांकापेक्षा दोनने कमी वेळा) केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ असते, अन्यथा ती संयुक्त असते.

सुरुवातीची पदे ४, १४, १९४, ३७,६३४ आणि १,४१,६३,१७,९५४ ही आहेत. त्यापुढचे पद मूळ संख्येपेक्षा खूपच मोठे येते आणि त्याची बाकी ६६,९६,७०,८३८ उरते. अठ्ठाविसाव्या कृतीनंतर ६५,५३६ हे पद मिळते. ६५,५३६ म्हणजे २^१६. त्याचा वर्ग २^३२ असून त्यातून २ वजा केल्यास २ × (२^३१ − १) उरतात. त्याला २^३१ − १ ने निःशेष भाग जातो आणि एकोणतिसावे उत्तर शून्य येते.

सध्या ज्ञात असलेल्या प्रचंड मर्सेन मूळ संख्या याच कसोटीने पडताळल्या जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३,६२,७९,८४१ − १ ही संख्या ४,१०,२४,३२० अंकांची आहे.

आठवी परिपूर्ण संख्या

ज्या संख्येच्या स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच येते तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. ६ = १ + २ + ३ ही सर्वांत लहान परिपूर्ण संख्या आहे. युक्लिड यांच्या 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या नवव्या खंडातील ३६व्या प्रमेयानुसार २^न − १ ही मूळ संख्या असल्यास २^(न − १) × (२^न − १) ही परिपूर्ण संख्या असते. सर्व सम परिपूर्ण संख्या याच रूपाच्या असतात, हे ऑयलर यांनी सिद्ध केले.

त्यामुळे २^३१ − १ मूळ असल्याचे ठरताच आठवी परिपूर्ण संख्याही मिळाली:

२^३० × (२^३१ − १) = २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८

तिच्या आधीच्या सात परिपूर्ण संख्या ६, २८, ४९६, ८,१२८, ३,३५,५०,३३६, ८,५८,९८,६९,०५६ आणि १,३७,४३,८६,९१,३२८ या आहेत.

इंग्लिश गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संख्याशास्त्रावरील पुस्तकात या परिपूर्ण संख्येचा उल्लेख केला आहे. अशा संख्या केवळ कुतूहलाचा विषय असून त्यांचा उपयोग नाही, त्यामुळे याहून मोठी परिपूर्ण संख्या शोधण्याचा प्रयत्न कोणी करण्याची शक्यता नाही, असे मत त्यांनी नोंदवले. हे भाकीत त्याच शतकात खोटे ठरले. लूका यांनी १८७६ मध्ये २^१२७ − १ ही मूळ संख्या असल्याचे सिद्ध केले. रशियन धर्मगुरू इव्हान पेर्वूशिन यांनी १८८३ मध्ये २^६१ − १ मूळ असल्याचे दाखवले आणि त्यातून क्रमाने नववी परिपूर्ण संख्या मिळाली. उपयोगाबाबतचे बार्लो यांचे मत विसाव्या शतकात संगणक आल्यावर मागे पडले.

इतर गणिती गुणधर्म

द्विमर्सेन संख्या: ३१ ही स्वतः मर्सेन मूळ संख्या (२^५ − १) आहे. ज्या मर्सेन संख्येचा घातांकही मर्सेन मूळ संख्या असतो तिला द्विमर्सेन संख्या म्हणतात. ७, १२७, २,१४,७४,८३,६४७ आणि २^१२७ − १ या चारच द्विमर्सेन संख्या मूळ असल्याचे ज्ञात आहे. ही साखळी पुढे नेऊन २,१४,७४,८३,६४७ हाच घातांक घेतल्यास ६४ कोटींहून अधिक अंकांची संख्या मिळते. ती मात्र संयुक्त आहे. तिला २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ या संख्येने निःशेष भाग जातो. हा विभाजकही वर दिलेल्या पहिल्या अटीनुसारच, म्हणजे २ × ६८,७४५ × २,१४,७४,८३,६४७ + १ या रूपाचा आहे.

शेजारच्या संख्या: या संख्येत १ मिळवल्यास २^३१ मिळतात, म्हणजे २ खेरीज दुसरा मूळ विभाजकच नसतो. याउलट १ वजा केल्यास मिळणारी २,१४,७४,८३,६४६ ही संख्या अनेक लहान मूळ संख्यांत विभागली जाते:

२ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१

२ ने कमी असलेल्या २,१४,७४,८३,६४५ ला ५ ने आणि २ ने अधिक असलेल्या २,१४,७४,८३,६४९ ला ३ ने भाग जातो, त्यामुळे ही संख्या जुळ्या मूळ संख्यांच्या जोडीत येत नाही.

वॅगस्टाफ मूळ संख्या: (२^३१ + १) ÷ ३ = ७१,५८,२७,८८३ हीदेखील मूळ संख्या आहे. बेटमन, सेल्फ्रिज व वॅगस्टाफ यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या 'नव्या मर्सेन अनुमाना'त कोणत्याही विषम घातांकासाठी तीन अटी सांगितल्या आहेत. घातांक २ च्या (किंवा ४ च्या) घाताच्या ठरावीक अंतरावर असणे, मर्सेन संख्या मूळ असणे आणि वॅगस्टाफ संख्या मूळ असणे यांपैकी दोन अटी पूर्ण झाल्या की तिसरीही पूर्ण होते, असे हे अनुमान आहे. ३१ या घातांकाबाबत तिन्ही अटी पूर्ण होतात.

आदिम मूळ: या संख्येसाठी ७ हे सर्वांत लहान आदिम मूळ आहे. म्हणजे ७ चे क्रमाने घात घेऊन त्यांना २,१४,७४,८३,६४७ ने भागत गेल्यास १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक बाकी एकदा येते आणि मगच चक्र पुन्हा सुरू होते.

यादृच्छिक संख्यांची निर्मिती

वरील शेवटच्या गुणधर्माचा उपयोग संगणकावर यादृच्छिक भासणाऱ्या संख्या निर्माण करण्यासाठी होतो. लेहमर यांच्या पद्धतीत आधीच्या संख्येला एका ठरावीक गुणकाने गुणून मूळ संख्येने भागतात आणि उरलेली बाकी ही पुढची संख्या मानतात. स्टीफन पार्क व कीथ मिलर यांनी १९८८ मध्ये 'किमान प्रमाण' म्हणून सुचवलेल्या जनित्रात भाजक २,१४,७४,८३,६४७ आणि गुणक १६,८०७ आहे. १६,८०७ म्हणजे ७^५. ५ हा २,१४,७४,८३,६४६ चा विभाजक नसल्यामुळे ७ प्रमाणेच ७^५ नेही सर्व बाक्या मिळतात. १ पासून सुरुवात केल्यास क्रमाने १६,८०७, २८,२४,७५,२४९, १,६२,२६,५०,०७३ … अशा संख्या येतात. दहा हजारावी संख्या १,०४,३६,१८,०६५ असली पाहिजे. कार्यक्रम बरोबर लिहिला गेला आहे की नाही हे तपासण्यासाठी ही संख्या वापरली जाते.

भाजक एकने मोठा, म्हणजे २^३१ घेतल्यास भागाकार सोपा होतो, परंतु २^३१ ही मूळ संख्या नसल्याने दर्जा खालावण्याचा धोका असतो. १९६० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर वापरले गेलेले 'रँडू' हे जनित्र असेच होते. त्यातील लागोपाठच्या तीन-तीन संख्या अवकाशातील बिंदू मानल्यास ते सर्व बिंदू केवळ १५ समांतर प्रतलांवर पडतात. ज्या शास्त्रीय गणनांत हे जनित्र वापरले गेले त्यांच्या निष्कर्षांबाबत त्यामुळे शंका निर्माण झाली.

२^३१ − १ ने भागून बाकी काढणे संगणकाला सोपे असते, कारण २^३१ ची बाकी १ उरते. मोठ्या संख्येचे शेवटचे ३१ बिट आणि उरलेला भाग यांची बेरीज केली की काम जवळजवळ पूर्ण होते. या सोयीमुळे अलीकडे कूटशास्त्रातील काही सिद्धता प्रणालींमध्ये, उदाहरणार्थ २०२४ मध्ये मांडल्या गेलेल्या 'सर्कल स्टार्क' पद्धतीत, ही मूळ संख्या वापरली जाते.

संगणकातील मर्यादा

३२ बिटांमध्ये ऋण व धन असे दोन्ही प्रकारचे पूर्णांक साठवताना बहुतेक सर्व संगणक 'दोनची पूरक पद्धती' वापरतात. या पद्धतीत सर्वांत डावीकडील बिटाची किंमत −२^३१ असते आणि उरलेल्या ३१ बिटांच्या किमती धन असतात. डावीकडील बिट ० आणि बाकी सर्व १ असताना सर्वांत मोठी संख्या, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ मिळते. सर्वांत लहान संख्या −२,१४,७४,८३,६४८ असते.

कमाल संख्येत १ मिळवल्यास हातचा डावीकडील बिटात जातो आणि उत्तर −२,१४,७४,८३,६४८ असे ऋण येते. या घटनेला पूर्णांकाचे ओसंडणे म्हणतात. जावा या भाषेत याच प्रकारे उत्तर फिरते. सी या भाषेत अशा वेळी काय घडावे हे प्रमाणित केलेले नाही, त्यामुळे परिणाम सांगता येत नाही.

संगणक कार्यक्रम लिहिण्यास शिकणाऱ्यांना ही मर्यादा लवकरच भेटते. १ ते १२ या संख्यांचा गुणाकार ४७,९०,०१,६०० असून तो ३२ बिटांत मावतो, मात्र १ ते १३ चा गुणाकार ६,२२,७०,२०,८०० असल्याने मावत नाही. फिबोनाची क्रमिकेतील ४६वे पद १,८३,६३,११,९०३ मावते, तर ४७वे पद २,९७,१२,१५,०७३ मावत नाही. ४६,३४० चा वर्ग २,१४,७३,९५,६०० मावतो, पण ४६,३४१ चा वर्ग २,१४,७४,८८,२८१ मावत नाही. ऑयलर यांना जिथपर्यंत भागाकार तपासायचे होते ती हीच ४६,३४० ची सीमा होय.

भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ते ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. त्यामुळे असा प्रत्येक क्रमांक २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठा असतो. चिन्हरहित ३२-बिट पूर्णांकाची ४,२९,४९,६७,२९५ ही मर्यादाही त्याला अपुरी पडते. विदागारात दूरध्वनी क्रमांकाचा रकाना चुकून साध्या पूर्णांकाचा ठेवला गेल्यास, मायएसक्यूएलसारखी प्रणाली शिथिल नियमांनी चालत असताना मर्यादेबाहेरील प्रत्येक क्रमांकाऐवजी २१४७४८३६४७ हीच संख्या नोंदवते. वेगवेगळ्या व्यक्तींच्या नावापुढे हा एकच क्रमांक दिसणे हे या चुकीचे ठळक लक्षण आहे. रक्कम पैशांत साठवल्यास ३२ बिटांची मर्यादा २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे इतकीच पडते.

प्रत्यक्ष घटना

यूट्यूब या संकेतस्थळाने डिसेंबर २०१४ मध्ये 'गंगनम स्टाइल' या कोरियन गाण्याची दर्शकसंख्या ३२ बिटांच्या मर्यादेपलीकडे गेल्याचे सांगून आपला गणक ६४-बिट केल्याचे जाहीर केले. नवी मर्यादा ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ इतकी आहे.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने बोईंग ७८७ विमानांबाबत सुरक्षा आदेश काढला. विमानाचा वीजपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिल्यास जनरेटरच्या नियंत्रण एककांतील सॉफ्टवेअरचा गणक ओसंडतो, सर्व एकके एकाच वेळी बंद पडू शकतात आणि विमानाची प्रत्यावर्ती वीज जाऊ शकते, असे त्यात म्हटले होते. त्याआधीच वीजपुरवठा बंद करून पुन्हा सुरू करण्याचा उपाय सांगण्यात आला. २^३१ शतांश सेकंद म्हणजे सुमारे २४८.५५ दिवस होतात.

२०३८ची समस्या

युनिक्स व तिच्यावर आधारित प्रणालींमध्ये वेळ ही १ जानेवारी १९७० रोजी वैश्विक समन्वित वेळेनुसार मध्यरात्रीपासून उलटलेल्या सेकंदांच्या रूपात मोजली जाते. हे सेकंद ३२-बिट चिन्हयुक्त पूर्णांकात साठवले असल्यास मोजणी मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी ०३:१४:०७ वाजता २,१४,७४,८३,६४७ वर पोहोचते. भारतीय प्रमाणवेळेनुसार तेव्हा सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झालेले असतील. पुढच्याच सेकंदाला मोजणी ऋण होऊन अशा प्रणालीला १३ डिसेंबर १९०१ ही तारीख दिसेल.

ही अडचण त्या दिवसापुरती मर्यादित नाही. दीर्घ मुदतीची कर्जे, विमा व निवृत्तिवेतन यांच्या हिशेबात २०३८ नंतरच्या तारखा आधीपासूनच येतात आणि त्या साठवताना मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

वेळ ६४ बिटांत साठवणे हा यावरील मुख्य उपाय आहे. त्यामुळे मर्यादा सुमारे २९२ अब्ज वर्षे पुढे जाते. ओपनबीएसडी या कार्यप्रणालीने २०१४ मध्ये सर्व प्रकारच्या यंत्रांवर हा बदल केला. लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत (२०२०) ३२-बिट यंत्रांसाठीही ६४-बिट वेळेची सोय पूर्ण करण्यात आली. मात्र यंत्रसामग्रीत बसवलेली, वर्षानुवर्षे न बदलली जाणारी नियंत्रण उपकरणे, जुन्या फाइल प्रणाली आणि ठरावीक रुंदीचे रकाने असलेली विदागारे यांत प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे सुधारणा करावी लागते. मोजणी चिन्हरहित मानण्याचा पर्यायही काही ठिकाणी वापरला जातो. त्याने मर्यादा ७ फेब्रुवारी २१०६ पर्यंत लांबते, पण १९७० पूर्वीच्या तारखा दर्शवता येत नाहीत.

हे सुद्धा पहा

मूळ संख्या
मर्सेन मूळ संख्या
परिपूर्ण संख्या
लेओनार्ड ऑयलर
द्विमान पद्धती
युनिक्स वेळ